देवरे नानांची मागची खोली

जळगावच्या बाजारात कुणी "नाना!" अशी हाक मारली की दहाजण मागे वळून बघतात. खानदेशात नानांना तोटा नाही. आमचे देवरे नाना मात्र वळायच्या आधीच "ओ!" म्हणून मोकळे होत. हाक कुणाला आहे, कुणी मारली, ही चौकशी नंतर. एकदा एका भाजीवालीने आपल्या नवऱ्याला हाक मारली, नानांनी ओ दिला, आणि मी पाहिलं तर नाना भरताच्या वांग्यांची पाटी एका बाजूने उचलत होते. तिचा खरा नाना पलीकडे चहा पीत बसला होता. पाटी टेम्पोत चढवून, हात झटकून नाना मला म्हणाले, "ओ दिला ना एकदा, मग काय करणार?"

दुसऱ्यांकडूनही त्यांची तीच अपेक्षा असे. ओ यायला वेळ लागला की ते मोठ्याने आकडे मोजत. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा घंटी वाजल्यावर मी गॅस बंद करून हॉलमध्ये येईपर्यंत बाहेरून खणखणीत आवाज येत होता, "सात... आठ... नऊ." दार उघडलं तशी अगदी शांतपणे म्हणाले, "नऊला उघडलं, ताई. दूध उतू जात होतं?"

"हो."

"मग माफ."

आमचं एक सांजदैनिक होतं. जळगावात छापायचं आणि दुपारी तीनला बाजारात यायचं. मी तिथे उपसंपादक होते. नाना मूळचे भडगावचे, पण उमेदीची वर्षं धुळ्याच्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेली, नंतर आमच्याकडे. खिळे गेले आणि कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांच्या वयाच्या बाकीच्यांनी हात टेकले. पंचेचाळिशीतले नाना मात्र पहिल्या दिवसापासून त्या यंत्राला चिकटले. "उलटं वाचायची सवय होती, आता सुलटं वाचायचं. सोपंच झालं की," असं ते सांगत. पुढे नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा संपादक आबांनी इंटरनेटवर अंक टाकायचा घाट घातला. माझ्याकडे मजकूर आला आणि नानांकडे सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे पुण्याहून आणलेला एक कॉम्प्युटर. त्याच्यासाठी जाहिरात विभागाच्या मागे प्लायवूडची केबिन ठोकली होती आणि पंखा चोवीस तास चालू असे. मस्कत, कुवेत, अमेरिका, जिथे म्हणून आमच्याकडची माणसं होती, तिथून ती आमचं पान उघडत आणि हा कॉम्प्युटर त्यांना पान देई. नाना त्याला 'दुकान' म्हणत.

दुकानाची अडचण नानांना पहिल्याच महिन्यात कळली. पान देण्याचं काम हलकं होतं. पण त्याच यंत्राला मागची कामंही होती. त्या काळी मराठी अक्षरं परक्या कॉम्प्युटरवर दिसायची नाहीत, म्हणून प्रत्येक रकान्याचं चित्र करावं लागे. फोटो लहान करायचे. परगावच्या वाचकांना ईमेल पाठवायचे. जुन्या बातम्यांची सूची लावायची. ही सगळी कामं तीन वाजता, अंक सुटला की एकदम अंगावर येत. आणि नेमके तेव्हाच वाचकही येत. नाना माझ्या टेबलावर येऊन बसत, समोरच्या पडद्यावर पान मागवत आणि मोजायला लागत. "अकरा... बारा..." तिसाच्या पुढे गेले की मी कानावर हात ठेवत असे.

"ताई, बघा. गिऱ्हाईक दारात उभं, आणि दुकानदार मागच्या खोलीत पोती रचतो आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, दुकानात कुणी नाहीच."

त्यांचं मागणं एकच होतं. दुसरं एक मशीन द्या. पोती तिथे रचू. दुकानात बसणाऱ्याने फक्त ओ द्यायचा.

आबांना हे पटत नव्हतं. आबा मोठ्या मनाचे होते, पण चालत्या गोष्टीला हात लावायला राजी नसत. "नाना, पान उघडतं ना शेवटी?"

"शेवटी उघडतं."

"मग झालं तर."

"आबा, शेवटी उघडून काय उपयोग?" असं म्हणून नाना बाहेर पडले. तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा जास्तच मनाला लावून घेतो.

दीड-दोन वर्षं अशीच गेली. मग एक वादळ आलं. रावेर आणि मुक्ताईनगरच्या बाजूला दुपारी अर्धा तास वारा सुटला आणि कापणीला आलेल्या केळीच्या बागाच्या बागा जमिनीवर निजल्या. आमच्या फोटोग्राफरने पोतंभर फोटो आणले. आम्ही गावांची यादी केली, कुठल्या गावात किती घरांचे पत्रे उडाले, कोण जखमी. तीन वाजता सगळं सर्व्हरवर टाकलं. सर्व्हर फोटो लहान करायला बसला तो बसलाच. बाहेरून जगभरातली आमची माणसं एकदम आली, आणि साडेपाचपर्यंत एकालाही पान उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आलेल्या ईमेलांत एक कुवेतहून होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. "माझ्या गावाचं नाव यादीत आहे की नाही एवढंच बघायचं होतं. अडीच तास बघत बसलो. गावातला फोनही लागत नव्हता. तुमचं पान नसतं तर बरं होतं, निदान वाट तरी बघितली नसती."

नानांनी तो छापून घेतला आणि आबांच्या टेबलावर ठेवला. आबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "जाहिरातवाल्यांकडचं जुनं मशीन घ्या. ते नुसतं धूळ खातंय."

त्या मशीनला एका बाजूचं झाकण नव्हतं. नानांनी ते पुसलं, त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली, केबिनच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्टुलावर मांडलं आणि वर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'मागची खोली. येथे हाक मारू नये.'

नानांनी बसवलेली पद्धत शाळेतल्या पोरालाही कळावी अशी होती. काही काम निघालं की दुकानाने ते स्वतः करायचं नाही. फक्त एक चिठ्ठी लिहून ठरलेल्या जागी टाकायची: हा फोटो लहान कर, हा रकाना चित्र कर. मागच्या खोलीतल्या मशीनने एकेक चिठ्ठी उचलायची, काम करायचं, झालेला माल दुकानाच्या फळीवर आणून ठेवायचा. दरम्यान दुकानदार गल्ल्यावर मोकळा.

पण सगळी कामं एका दिवसात हलवायला नाना तयार नव्हते. "बिऱ्हाड हलवताना आधी चूल हलवत नाहीत, ताई." रोज एकच काम. ते हलवायचं, दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचं, मग दुसरं. तिसऱ्या दिवशी आमची फजिती झाली. वाचकांना ईमेल पाठवायचं काम मागच्या खोलीत नेलं, पण दुकानातून खोडायचं राहिलं. दोन्ही मशीननी इमानेइतबारे अंक पाठवला. एका गृहस्थांनी उत्तर पाठवलं, "निधनवार्तेत आमचे काका दोनदा वारल्याचं कळलं. दुसऱ्यांदाही तितकंच दुःख झालं." नानांनी आधी ते काम दुकानातून खोडलं. मग भिंतीवर खडूने नियम लिहिला, 'आधी इथून खोडणे. मग तिथे लिहिणे.'

कोणकोणती कामं हलवायची त्याची यादी मी करत होते. सर्व्हरच्या आत कामांचं एक वेळापत्रक असतं, ते नानांनी मला वाचून दाखवायला लावलं. नानांच्या कागदावर दहा कामं होती. मी मोजली, तर अकरा.

"नाना, हे एक काय? रोज साडेतीनला चालतं. भडगाव असं नाव आहे."

नाना पंख्याकडे बघत म्हणाले, "ते राहू द्या. ते माझ्याकडे."

"यादीत लिहू?"

"नको. किरकोळ आहे."

मीही सोडून दिलं. आठवड्याभरात दहा कामं हलली. गुरुवारी तीन वाजता अंक सुटला, मागच्या खोलीतलं मशीन भात शिजल्यासारखं गुरगुरायला लागलं, आणि नानांनी माझ्या टेबलावरून पान मागवलं. त्यांनी तोंड उघडलं, "ए..." एवढंच म्हणाले आणि पान समोर होतं. त्यांनी पुन्हा मागवलं. पुन्हा तेच. मी टाळ्या वाजवल्या, आबा केबिनमधून बाहेर आले, कुणीतरी कचोऱ्या मागवल्या. नाना मात्र पडद्याकडे बघत नुसते बसून राहिले. कचोरी हातात तशीच.

पुढच्या मंगळवारी संपादकांच्या नावाने एक ईमेल आला. मस्कतहून, रोमन अक्षरांत मराठी. ते ईमेल मीच उघडत असे.

"नमस्कार. दीड वर्षापासून तुमच्याकडून मला रोज भडगाव तालुक्याचा रकाना येतो. मी मागितला नव्हता. फक्त तेवढाच रकाना, दुसरं काही नाही. चार दिवस झाले, आलेला नाही. तुमच्याकडे देवरे म्हणून एक गृहस्थ काम करतात. ते बरे आहेत का, एवढं कळवावं. मी विचारलं असं मात्र त्यांना सांगू नये." खाली नाव होतं, रेखा.

मी तो कागद घेऊन आबांकडे गेले. आबांनी वाचला आणि मला समोरची खुर्ची दाखवली.

"नानाची मुलगी," ते म्हणाले. "मस्कतला नर्स आहे. तुला माहीत नसेल. सहा वर्षं झाली. नानाची बायको भडगावला आजारी होती. हा इथे खोली घेऊन राहायचा, रविवारी जायचा. एक दिवस सकाळी अकराला मुलीचा फोन आला. फोन मीच घेतला. आई हाका मारते आहे, दादांना पाठवा, म्हणाली; बापाला ती दादाच म्हणायची. मी नानाला सांगितलं. तो पहिलं पान बांधत होता. म्हणाला, एवढं पान बांधतो आणि निघतो. बाराला पुन्हा फोन. म्हणाला, अंक सुटला की निघतो. दोनला तिसरा."

"मग?"

"मग काय. तीनची एस.टी. धरली. पोचला तेव्हा संपलं होतं. पोरगी एक शब्द बोलली नाही. लग्न तिने केलं ते मस्कतला जाऊन, पत्रिका आली ती माझ्या नावावर. नाना त्यानंतर भडगावला गेलेला नाही. घराला कुलूप आहे." आबांनी कागद माझ्याकडे परत दिला. "मी त्याला तेव्हा ढकलून पाठवायला हवं होतं. संपादक मी होतो."

आता माझ्यापुढे पेच. सांगू नये असं तिने लिहिलेलं. न सांगावं तर रकाना बंद. मी केबिनमध्ये गेले. नाना मागच्या खोलीच्या उघड्या बाजूतून फुंकर घालून धूळ काढत होते.

"नाना, भडगावचा रकाना बाहेर जात नाहीये."

ते वळले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचणाऱ्यानेच विचारलं."

"वाचणाऱ्याने," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. हातातलं फडकं मांडीवर ठेवून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे उघडते ती."

घडी घातलेलं फडकं त्यांनी पुन्हा उलगडलं.

"मला वाटायचं, येतो तसा फेकून देत असेल. उघडते की नाही ते इथून दिसत नाही ना, ताई."

काय झालं होतं ते त्यांनी दहा मिनिटांत शोधलं. नियमाप्रमाणे त्यांनी ते काम आधी दुकानातून खोडलं, मग मागच्या खोलीत लिहिलं. पण मागच्या खोलीतल्या मशीनला थेट बाहेर ईमेल पाठवायची परवानगीच नव्हती. बाकीचे ईमेल चिठ्ठीने दुकानामार्फत जात. हे एक त्यांचं खाजगी, म्हणून चिठ्ठीच्या रांगेत लावलं नव्हतं. रोज साडेतीनला मशीन रकाना पाठवायला जाई, दार बंद बघून परत येई, आणि तक्रार अशा जागी लिहून ठेवी जिथे कुणी कधी बघत नसे.

नानांनी तेही काम रांगेत घातलं. अकरावं काम म्हणून, यादीत, नाव लिहून. साचलेले चार रकाने निघाले.

"सोबत दोन ओळी लिहा ना," मी म्हटलं.

"काय लिहू? मी आयुष्यभर दुसऱ्याचा मजकूर जुळवला. माझा स्वतःचा मजकूर नाही."

"बरा आहे एवढंच लिहा."

ते दुपारभर त्या पडद्यासमोर होते. मला दिसत होतं, एक शब्द टाकत आणि खोडत. पाचला त्यांनी मला वाचायला बोलावलं. ईमेल असा होता:

"यंत्र बदलल्यामुळे भडगावचा रकाना चार दिवस पाठवता आला नाही. क्षमस्व. देवरे यांची प्रकृती उत्तम आहे. इंटरनेट विभाग."

"नाना, हे काय!"

"व्याकरण चुकलं का?"

"नाही."

"मग जाऊ द्या."

गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं. विभागाच्याच नावाने. "विभागाचे आभार. रकान्यात पाण्याचं काही कळत नाही. देवरेंना विचारून सांगता का, गिरणाले पानी शे का?"

ऑफिसात नाना आमच्याशी नेहमी छापील मराठीत बोलत. भडगावच्या गिरणा नदीला पाणी आहे का, असं विचारणारी ही घरची अहिराणी मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकली होती. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात वाचलं, मग ओठ हलवून वाचलं. "गिरणाले पानी शे का," ते म्हणाले. "हिची माय विचारायची असंच. मी रविवारी एस.टी.तून उतरलो की."

मी म्हटलं, "आपल्या भडगावच्या वार्ताहराला फोन करते. लगेच कळेल. परवाच्या अंकात धरणातून पाण्याचं आवर्तन सोडल्याची बातमीही होती बहुतेक."

"नको," नाना म्हणाले. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "आबांना सांगा, आज मी नाही."

"आज? अंक सुटायचा आहे, नाना. तुम्ही नसताना काही अडलं तर?"

"अडेल तर अडेल. मागच्या खोलीत चिठ्ठ्या साचतील. उद्या उचलू."

आणि ते खरोखर गेले. इतक्या वर्षांत अंक सुटायच्या आधी नाना दाराबाहेर पडलेले मी पहिल्यांदाच बघितले. आबा केबिनच्या दारात उभे होते. ते नानांसाठी बाजूला झाले.

त्या दिवशी अंक वेळेवर सुटला. काही अडलं नाही. साडेचारच्या सुमाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मागे एस.टी.चे भोंगे आणि माणसांचा गलका. नाना कुठल्यातरी टेलिफोन बूथवरून बोलत होते, आणि सवयीप्रमाणे अगदी वार्ताहर सांगतो तसं सांगायला लागले.

"ताई, घ्या लिहून. भडगाव. गिरणाले पानी शे. गुडघाभर शे. मी उतरून बघितलं."

"हं."

"घराची किल्ली लागली नाही. गंजलं होतं. शेजारच्यांनी कुलूप तोडलं. आत सगळं जागेवर आहे. तिची सायकल आहे, तिच्या आईची शिवणाची मशीन आहे, तेल घातलं, फिरते. पुढच्या भिंतीला थोडी ओल आहे, ती दुरुस्त करीन. मी इथे रविवारपर्यंत आहे."

मी लिहीत होते.

"नाना? खाली काय टाकू? इंटरनेट विभाग?"

पुन्हा तोच भोंगा, कुणीतरी पाचोऱ्याच्या गाडीचा पुकारा करत होतं.

"नको," नाना म्हणाले. "दादा लिहा."